तिसरी अडीचकी उतरली तेव्हा

शनी सुटला तो सत्तावीस जानेवारीच्या सोमवारी, आणि भिमाजीला त्याचा पत्तासुद्धा लागला नाही. आठ वर्षं ज्या दिवसाकडे तो डोळे लावून बसला होता तो दिवस उजाडला, तेव्हा तो शिरूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या खोलीत बसून न्हावऱ्याची गाडी कुठं अडकली याचा घोर करत होता. गाडी आली. त्यानं वहीत वेळ लिहिली, उशिराच्या रकान्यात ‘टायर’ असं कारण घातलं, आणि मान वर केली तर समोर भिंतीवर कुणा आडत्यानं वाटलेलं चौसष्ट सालचं कॅलेंडर. सत्तावीसच्या चौकोनात बारीक अक्षरांत छापलेलं होतं, शनी कुंभेत. म्हणजे झालं होतं. स्वारी मकरेतून निघून कुंभेत गेली होती, धनु राशीची साडेसाती संपली होती, तिसरी आणि शेवटची अडीचकी त्याच्या पायांवरून उतरली होती. भिमाजीनं टेबलाखाली पाय हलवून बघितले. तेच पाय. डाव्या टाचेची भेगही होती तिथंच. काहीतरी व्हायला हवं होतं हो! निदान छाती हलकी व्हावी, श्वास जरा लांब जावा, सपाटून भूक लागावी. त्याऐवजी दाढ काढून आल्यावर जीभ जशी पुन्हा पुन्हा त्या खड्ड्यात जाते, तसं त्याचं मन आत कुठंतरी चाचपडत राहिलं आणि हाताला काही लागलं नाही. मग त्याला चक्क भीती वाटली. उद्यापासून काय म्हणायचं, हा विचार त्याला पहिल्यांदाच आला.

कारण आठ वर्षं त्याच्याजवळ एक उत्तर तयार होतं. बढती हुकली, शनी. पाठ धरली, शनी. ऐन जेवणाच्या वेळेला स्टोव्हनं दगा दिला तरी शनीच. आणि हे उत्तर असं की पुढं कुणी काही विचारतच नाही. समोरचा माणूस ‘हां’ म्हणतो, मान हलवतो आणि आपल्या वाटेला लागतो. शनीचा हिशेब भिमाजीला तोंडपाठ झाला होता. सगळ्या ग्रहांत संथ ग्रह तो. एकेका राशीत अडीच-अडीच वर्षं मुक्काम. आपल्या राशीच्या मागच्या राशीत आला की लागला; मग आपल्या राशीत, मग पुढच्या. पहिली अडीचकी डोक्यावर, दुसरी छातीवर, तिसरी पायांवर, मिळून साडेसात. पण ते म्हणायला. मधूनमधून तो वक्री होतो, सोडलेल्या राशीत पुन्हा मागं येतो, आणि सुटलो सुटलो म्हणणाऱ्या माणसाला दोन-चार महिने आणखी पिळून मग पुढं जातो. भिमाजीची त्यानं अशी सव्वाआठ वर्षं घेतली. दर शनिवारी मारुतीला तेल, रुईच्या पानांची माळ, उडीद. एकदा शिंगणापूरलाही जाऊन आला. हे सगळं करताना त्याला देवाची भीती वाटे असं नाही. एक काम अंगावर आहे आणि ते आपण नीट करतोय, एवढंच बरं वाटे.

शेखलाल ड्रायव्हर त्याचा एकुलता एक दोस्त. पुण्याची गाडी लावून तो खोलीत आला, टोपी काढून टेबलावर आपटली आणि म्हणाला, “काय भिमाजीराव, तुमचा पाहुणा गेला म्हणं आज!”

“गेला.”

“मग त्वांड असं का केलंय? पेढं वाटा की राव. आन् उद्याच्या उद्या वैनींना घिऊन या. आठ वर्सं हातानं भाकऱ्या थापताय, बघवत न्हाई आपल्याला.”

“पौष हाय,” भिमाजी म्हणाला. “जोशीबुवा म्हणाले, पौषात कुणी बायको आणत नसतं. माघ लागू द्या.”

शेखलालनं कपाळाला हात लावला. “तुमचं एक सरलं की दुसरं हायेच! आता माघ लागला की माघातलं कायतरी काढताल.” तो हसत होता, पण जाताना दारात थांबून त्यानं भिमाजीकडे असं बघितलं की भिमाजीनं वही उघडली आणि उगीचच मागची पानं चाळायला घेतली.

माघातल्या पहिल्या रविवारी सकाळी तो दौंडच्या गाडीत बसला. आपल्याच स्टँडवरून उतारू म्हणून निघायचं त्याला विचित्र वाटत होतं. बदली कंट्रोलर खिडकीत उभा राहून ओरडत होता, आणि त्याचा आवाज ऐकून भिमाजीला वाटलं, रोज आपण लोकांना असेच ऐकू येतो की काय. मांडीवर पिशवी होती. पिशवीत नवं लुगडं, हिरव्या बांगड्या कागदात गुंडाळलेल्या. बांगड्यांचं माप त्यानं अंदाजानं सांगितलं होतं. विठाचा हात शेवटचा धरला होता तो छपन्न सालच्या पौषात, केडगाव स्टेशनवर, गाडीतून उतरवताना. तेव्हा ती एकवीस-बावीस वर्षांची होती. म्हणजे आता तीस. तिशीतली विठा कशी दिसत असेल याचं चित्र काही केल्या डोळ्यांपुढं येईना. मधल्या आठ वर्षांत तो तिला सहा-सात वेळा भेटला होता, सासू गेली तेव्हा, मेव्हण्याच्या लग्नात, अशा गर्दीत. डोक्यावरचा पदर आणि खाली गेलेली नजर. त्यानं तरी वर कुठं बघितलं होतं? शनीची दृष्टी फार वाईट, जोशीबुवा म्हणाले होते. ज्याला लागलाय त्यानं आपल्या माणसाकडे टक लावून बघू नये.

जोशीबुवांकडे तो गेला होता शेवंता गेल्यावर महिन्यानं. शेवंता ही त्याची मुलगी, अडीच वर्षांची. पंचावन्नच्या मार्गशीर्षात घटसर्पानं गेली. त्या महिनाभरात विठा त्याच्याशी बोलली नव्हती. वाढायची, पाणी ठेवायची, भिंतीकडे तोंड करून बसायची. ऑफिसातून घरी यायला पाय उचलत नसत. मग कुणीतरी म्हणालं, जोशीबुवांना दाखव. पत्रिका नव्हती. बुवा म्हणाले, नाव सांग. भिमाजी. बुवांनी बोटांच्या पेरांवर मोजलं, ‘भ’ म्हणजे धनु, आणि एकदम ‘अरे अरे!’ म्हणाले. कार्तिकातच शनी वृश्चिकेत आला होता. साडेसाती लागून दीड-दोन महिने झाले होते, आणि लागताक्षणी त्यानं पोर उचललं होतं. “आता पुढचं नुकसान पत्नीचं दिसतं,” बुवा म्हणाले. “जीव प्यारा असेल तर हे सरेपर्यंत तिला सावलीत येऊ देऊ नका.” भिमाजी तिथं ढसाढसा रडला होता. लोकांना वाटलं, भीतीनं रडतोय. बरं वाटलं म्हणून रडलो, हे त्यानं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. जिवावरचं ओझं कुणीतरी उचलून, लांब वर, जिथं हात पोचत नाही अशा जागी ठेवून दिलं होतं. घरी येऊन त्यानं विठाला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं त्याच्याकडे खूप वेळ बघितलं, आणि उठून ट्रंक भरायला घेतली. हूं नाही की चूं नाही. कसली गुणी बायको, म्हणून त्याला आणखी रडू आलं होतं. लोकांना सांगितलं, सासू आजारी आहे.

दौंडात साखरबाई राहायची, त्याची आत्या. पाठीशी दुसरं वडीलधारं कुणी उरलं नव्हतं, आणि बायकोला आणायला एकट्या नवऱ्यानं जायचं म्हणजे बरं दिसत नाही. कुणीतरी मोठं माणूस पुढं लागतं. आत्याचा मुलगा रेल्वेत फायरमन. क्वार्टरच्या मागं इंजिनं उभी असत, आणि म्हातारीच्या भांड्यांवर दिवसातून दोनदा पुसली तरी काजळी धरे. तिनं दार उघडलं, हातानं त्याचं तोंड चाचपलं. “किती वाळलास रं! ये, बस. विठाला आणायला चाललास व्हय? आता गं बया, आठ वर्सांनी जाग आली म्हनायची!”

“तू चल संगं, आत्या.”

“माजं गुडघं बघ हे. पायरी उतरती म्हंजी देव आठवत्यात. तूच जा, आन् वटी भरायला माजा खण-नारळ ने.” ती पत्र्याच्या पेटीतून खण काढून आली, नारळावर ठेवला, देव्हाऱ्यापुढं बसली आणि हात जोडून पुटपुटली, “खंडेराया, माज्या दौलतीचा संसार हाय रं बाबा. दौलतीला सांभाळ.”

भिमाजी चहा पीत होता. “दौलत कोण, आत्या?”

म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. मग खुदकन हसली. दात नसलेलं ते हसू त्यानं कधी बघितलं नव्हतं. “म्हातारी झाले बाबा, गेलं तोंडातनं. अरं मेल्या, तूच की दौलत! पाळण्यातलं नाव तुजं. म्याच ठिवलंय, तुज्या कानात कुर्र करून.” आणि मग तिनं सांगितलं. त्याच्या आधीचे दोघं भाऊ पाळण्यातूनच गेले. त्यांना चांगली भरजरी नावं ठेवली होती, ती देवाच्या कानावर गेली. तिसऱ्या खेपेला आत्यानं नाव ठेवलं दौलत, पण आजीनं सगळ्यांना बजावलं, हे वर तोंडानं घ्यायचं नाही. “तवा दावणीला भिमा म्हणून बैल हुता आपला. त्योच हाकेला लावला तुला. म्हंजी देवाला वाटावं, बैलालाच बोलावत्यात. वाचलास की न्हाई? पुढं मास्तरनं शाळंत तेच ‘जी’ लावून लिवलं, आन् तेच चाललं. म्या आपली रोज देवापुढं खरं नाव घेते. त्याला आता ठावं झालं तर झालं, एवढा मोठा झालायस.”

भिमाजीनं कपबशी खाली ठेवली. त्याच्या डोक्यात आधी हिशेब झाला, समज नंतर आली. आठ वर्षं दर जानेवारीत तो कॅलेंडराची मागची बाजू पाठ करत आला होता, बाराच्या बारा राशींची अक्षरं त्याला झोपेत विचारली तरी सांगता आली असती. द, च, झ, थ. मीन. शनी कुंभेत, म्हणजे मीनेच्या मागच्या घरात. म्हणजे सत्तावीस जानेवारीला साडेसाती त्याला सुटली नव्हती. लागली होती. आणि त्याच्या आधीची ती सव्वाआठ वर्षं? मीनेला नववा शनी, दहावा शनी, अकरावा शनी. दर वर्षी कॅलेंडरात धनूचं वाचून झालं की त्याची नजर शेवटच्या चौकोनाकडे जायची, आणि तिथं छापलेलं असायचं: मानसन्मान, स्त्रीसौख्य, मनासारखे प्रवास, अडलेली कामे मार्गी. कोण हे भाग्यवान लोक, असं त्याच्या मनात येई, आणि थोडा हेवाही वाटे. ते भाग्यवान लोक म्हणजे तो होता. तेल, उडीद, माळा, हातानं थापलेल्या करपट भाकऱ्या, रिकाम्या खोलीतलं रविवारचं दुपारचं ऊन, हे सगळं त्यानं कुणाच्या वाटणीचं भोगलं? एका बैलाच्या! मरून पस्तीस वर्षं झालेल्या बैलाची साडेसाती त्यानं इमानेइतबारे, एक शनिवार न चुकवता भोगली होती. त्याला हसू आलं. आत्या म्हणाली, “हसतुयास काय असा? पाणी देऊ का?”

केडगावकडे जाणाऱ्या पॅसेंजरला गर्दी नव्हती. पाटस गेलं, बाहेर ऊस, मध्येच माळ, मध्येच नुसती उन्हानं पांढरी पडलेली जमीन. मागं फिरावं का? शनी खरा मानला तर मागंच फिरायला हवं होतं. आता कुठं पहिली अडीचकी, विठाला सावलीत आणायचं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ. एकाहत्तर-बाहत्तर साल उजाडेल. तो पन्नाशीला पोचेल, ती चाळिशीकडे झुकेल, आणि मग दोन म्हातारी माणसं शिरूरच्या खोलीत एकमेकांना विचारतील, चहात साखर किती. आणि खोटा मानला तर? खोटा मानला तर आठ वर्षं आधीच गेली होती, आणि ती कुणी घेतली याला जाब देणारं कुणी उरत नव्हतं. बासष्ट साली अष्टग्रही झाली तेव्हा आठ ग्रह एका मकरेत जमले होते, जग बुडणार म्हणून शिरूरात घोडनदीच्या काठी होम-हवन चाललं होतं, लोक रजा काढून गावी जात होते. त्या दिवशी त्याला फार वाटलं होतं की उठावं आणि विठाच्या माहेरी, राहू गावाला जावं. सगळंच बुडायचं तर विठाजवळ असावं. पण साडेसातीत तिच्याकडे जायचं कसं? म्हणून तो ड्यूटीवर बसून राहिला आणि संध्याकाळी जग जिथल्या तिथं होतं. आता त्याला वाटलं, आपल्याला कुणी अडवलं नव्हतं. एकदाही नाही. आपणच तिकिटाच्या खिडकीपर्यंत गेलो नाही.

आणि मग ती संध्याकाळ आली. एरवी ती यायला लागली की तो ‘शनी’ म्हणे आणि ती परत फिरे. आज म्हणायला काही नव्हतं. शेजारीण धावत स्टँडवर आली होती. पोरीचा गळा सुजलाय, श्वास वाजतोय, विठाबाई म्हणती लगेच या, दवाखान्यात न्यायला पायजे. साडेपाच वाजले होते. तो म्हणाला, नगरची गाडी येऊ द्या, लावतो आणि येतो. पाच-दहा मिनिटांचा प्रश्न होता. आठवड्यापूर्वीच साहेबांनी त्याला चारचौघांत झापलं होतं, जागा सोडून जातोस म्हणून. खोलीत दुसरा माणूस होता. त्याला नुसतं ‘बघ रे जरा’ म्हणायचं होतं. एवढे तीन शब्द. ते त्याच्या जिभेवर आले होते, ही गोष्ट त्याला आता अगदी स्वच्छ आठवली, आणि मग साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि त्यानं ते गिळले. नगरची गाडी पन्नास मिनिटं उशिरा आली. तो पळत निघाला तेव्हा विठा पोरीला खांद्यावर टाकून रस्त्यानं येत होती, गावात नवी, दवाखाना कुठं ते नीट माहीत नाही, चुकीच्या गल्लीत शिरून परत फिरलेली. डॉक्टर एवढंच म्हणाले, तासभर आधी आणायची. हे सगळं विठानंही ऐकलं होतं. केडगाव आलं तेव्हा भिमाजीला कळलं की तो मघापासून रडतोय, आणि समोरची बाई, पांढऱ्या लुगड्यातली, ख्रिस्ती मिशनातली असावी, मान खिडकीकडे वळवून त्याला रडू देते आहे. तो उतरला. मागं फिरायचं ठरलं असतं तर पलीकडच्या फलाटावर जायला हवं होतं, पण पाय टांग्याकडे गेले. टांग्यात बसल्यावर त्यानं ठरवून टाकलं. बोलायचं नाही. दौलत हे नाव आत्याला आणि खंडोबाला ठाऊक, तिसऱ्या कुणाला नाही. आपण भिमाजी, आपली रास धनु, साडेसाती संपली. विठाला घरी न्यायचं. बस्स. पुढचं पुढं.

मेव्हणा सर्जेराव दारातच भेटला. “या दाजी! लई दिसांनी,” म्हणाला, पाय धुवायला पाणी दिलं, आणि का आलात हे न विचारता मळ्याकडे निघून गेला. पडवीत शिलाई मशीन चालू होतं. मशीनमागं विठा बसली होती. केडगावला मिशनातल्या बायकांकडे जाऊन ती शिवण शिकली हे त्यानं ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं. पाटावर चोळ्यांच्या कापडाचे गठ्ठे, प्रत्येकावर खुणेची चिंधी. दोन बायका माप देऊन नुकत्याच गेलेल्या. विठा भरली होती. कानाजवळचे दोन केस पांढरे होते. तिनं त्याच्याकडे सरळ बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि “बसा” म्हणाली. ओठांत टाचण्या होत्या म्हणून ते जरा दाताआडून आलं.

तो बसला. वाटेत घोकलेली वाक्यं सगळी गेली. “सुटली,” तो म्हणाला. “साडेसाती सुटली. घ्यायला आलोय तुला.”

मशीन चालूच राहिलं. शिवण संपेपर्यंत तिनं पाय थांबवला नाही. मग दोरा तोडला, टाचण्या काढून डबीत ठेवल्या. “कुणाची?”

“कुणाची म्हंजी? माझी. धनु रास. सत्तावीस तारखेला शनी कुंभेत...”

“तुमची तर आत्ता लागली की वं,” विठा म्हणाली. आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकाला चोळीची बाही आखूड होतेय म्हणून सांगावं, तसं तिनं ते सांगितलं. “तुमची रास मीन. नाव दौलत. शेवंताच्या बारशाला आत्याबाई आल्या हुत्या, पोरीच्या कानात कुर्र केलं, आन् मग मला माजघरात नेऊन तुमचं सांगितलं. वर तोंडानं घिऊ नगं म्हनाल्या. न्हाई घेतलं.”

“म्हंजी मी जोशीबुवांकडनं आलो, तुला सांगितलं, तवा...”

“व्हय. तवा ठावंच हुतं. म्या मनात म्हनलं, हे तर बैलाचं नाव सांगून आलं.”

“आन् तू बोलली न्हाईस?”

विठानं पुढ्यातलं कापड उलटं केलं, त्यावरचा न दिसणारा दोरा उचलला. “बोलले असते, तर तुम्ही मला ठिवून घेतलं असतं.”

बाहेर कुणाचं तरी रेडकू ओरडत होतं. भिमाजी तिच्या हातांकडे बघत राहिला. ट्रंक भरणारे ते हात, हूं नाही की चूं नाही. ती गेली होती. त्यानं पाठवली नव्हती, ग्रहानं ओढून नेली नव्हती. त्यानं दार उघडलं आणि ती आपल्या पायांनी बाहेर पडली होती. आठ वर्षं तो स्वतःला सांगत आला होता की आपण एक मोठा त्याग करतोय, तिचा जीव राखतोय. कसला त्याग न कसलं काय! त्याला वाटलं, उठावं आणि जावं. त्याला वाटलं, ओरडावं. यांतलं काही न करता तो तिथंच बसला, कारण इतकं थकल्यासारखं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

“एक सांगा मला,” विठा म्हणाली. आता तिचा आवाज बदलला होता. “शेवंताला दवाखान्यात न्यायला उशीर कशानं झाला?”

त्यानं तोंड उघडलं. सवयीनं जीभ उचललीसुद्धा. तिथं काही नव्हतं. कार्तिकात वृश्चिकेत आलेला शनी मीनेला नववा, भाग्यातला, कुणाच्या पोराला हात न लावणारा. “माझ्यामुळं,” भिमाजी म्हणाला. “माझ्यामुळं झाला. नगरची गाडी यायची होती. खोलीत दुसरा माणूस होता, विठा. त्याला म्हणता आलं असतं. साहेब रागवेल म्हणून मी म्हटलं न्हाई. मी भ्यालो. आपली शेवंता गेली ती माझ्या भिण्यापायी.”

पोरीचं नाव त्यानं आठ वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं होतं. विठानं पदर तोंडाशी नेला, पण रडू तिथं मावलं नाही. मशीनवर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली, आणि त्याला कळेना की जवळ जावं की न जावं. तो गेला नाही. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. “त्या टायमाला एवढं म्हनला असता,” ती म्हणाली, “तर म्या तुमच्या नावानं बोटं मोडली असती, तुम्हाला मारलं असतं, चार दिस चूल पेटवली नसती. आन् घरातच ऱ्हायले असते. पर तुम्ही तिचं मरण उचलून त्या जोशाच्या पोथीत घातलं. माजी पोर! तिला आभाळातल्या कुठल्या शनीनं नेलं न्हाई, मला ठावं हुतं आन् तुम्हालाबी ठावं हुतं. आन् तुम्ही रुईच्या माळा वाहात बसला. तसल्या मान्साजवळ म्या झोपायचं कसं, सांगा.”

तिनं उठून ताट वाढलं, भाकरी, पातीची भाजी, ताक. तो जेवला. ती समोर बसून होती, आणि मध्ये एकदा आपण होऊन म्हणाली, “तिला ताक लई आवडायचं. वाटी तोंडाला लावून मिशा करायची.” भिमाजी म्हणाला, “अन् तुला दाखवायला पळत यायची.” एवढंच. पण घास गिळताना त्याला पहिल्यांदा अन्नाची चव लागली, आणि त्याची त्याला लाजही वाटली.

ऊन कलल्यावर ती त्याच्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. आत्याचा खण-नारळ तिनं ठेवून घेतला होता. लुगडं आणि बांगड्या पिशवीतच राहिल्या. येतेस का, असं त्यानं पुन्हा विचारलं नाही. तीच म्हणाली, “म्या न्हाई यायची. हितं माजं बरं चाललंय.” केडगावचा टांगा लांबून धूळ उडवत येत होता. भिमाजीला म्हणायचं होतं की मला एकट्याला ती खोली आता सोसायची नाही, आजवर निदान एक कारण सोबतीला होतं. पण ते म्हणायचा आपल्याला हक्क नाही, हे त्याला कळत होतं. टांगा थांबला. तो वर चढला, दांडी धरली, आणि खाली न बघताच त्यानं विचारलं, “पुन्हा आलो तर चालेल?”

टांगेवाल्यानं लगाम ओढून धरला होता. विठानं पदर डोक्यावर नीट घेतला.

“या,” ती म्हणाली. “पर मुहूर्त बघून येऊ नका.”